ग्रानादाची चहागृहे

ग्रानादा शहरातील काल्देरेरिया नुएव्हा ही चढणीची अरुंद गल्ली चहागृहांनी गजबजलेली आहे. मंद दिवे, नक्षीदार फरशा, बसक्या बैठका, पुदिन्याचा गंध. मूरांचे जीवन येथे अजून शिल्लक आहे, असे प्रवाशाला वाटते. परंतु १४९२ मध्ये तेथील मुस्लिम राज्य लयाला गेले, तेव्हा ग्रानादाला चहा ठाऊकच नव्हता. मोरोक्कोत तो घरोघरी पोहोचला १९ व्या शतकात. ही चहागृहे तर अलीकडची, गेल्या शतकाच्या अखेरची.

जुने आहे ते निराळेच. शरणागतीच्या करारात मुसलमानांना स्वधर्म पाळण्याची हमी दिलेली होती. पहिले आर्चबिशप तालावेरा यांनी धीराचा मार्ग धरला. आपल्या धर्मगुरूंनी अरबी शिकावी, असा त्यांचा आग्रह होता. १४९९ मध्ये तोलेदोचे आर्चबिशप सिस्नेरोस आले आणि सक्तीचे बाप्तिस्मे सुरू झाले. अरबी ग्रंथ जाळले गेले. वचन मोडले ते आपल्याच माणसांनी, हे लिहिताना धर्मगुरूची लेखणी अडखळते.

बाप्तिस्म्यानंतरही संशय सरला नाही. डुकराचे मांस टाळणाऱ्याविरुद्ध इन्क्विझिशनकडे तक्रार जाई. १६०९ ते १६१४ या काळात या बाप्तिस्मा झालेल्यांच्या वंशजांनाही देशाबाहेर घालविण्यात आले.

सेव्हिलमधील 'एल रिन्कोन्सियो' हे मद्यगृह त्यानंतरचे, १६७० सालचे. तेथे छताला खारवलेल्या हॅमच्या मांड्या टांगलेल्या असतात. शेरीच्या पेल्यासोबत 'तापास' म्हणजे छोट्या बशीतले खाणे येते, आणि हिशेब लाकडी फळीवर खडूने मांडतात.