भिंतीपलीकडचा खर्ज

चेन्नईच्या दक्षिणेस, महाबलिपुरमकडे जाणाऱ्या जुन्या रस्त्याच्या कडेला पेरुंगुडी नावाची वसाहत आहे. एके काळी ते पाणथळीच्या काठचे एक गाव होते. २०११ साली ते महानगरपालिकेच्या हद्दीत आले. आज तेथे संगणक-उद्योगाच्या काचेच्या इमारती आणि पळ्ळिकरणैची पाणथळ ही दोन जगे एकमेकांकडे पाठ करून उभी आहेत. सरकारी बदलीच्या निमित्ताने माझे बिऱ्हाड सध्या तेथे आहे. घरापासून दोन गल्ल्यांवर एक कल्याणमंडप, म्हणजे आपल्याकडचे मंगल कार्यालय, आहे. लग्नसराईत रात्री तेथे चित्रपटगीतांचा वाद्यवृंद वाजतो. प्रारंभी मला त्याचा उपद्रवच वाटे. पण झोप न लागलेल्या अशाच एका रात्री एक गोष्ट ध्यानात आली. मला गाणे ऐकू येत नव्हते. गायकाचा आवाज, बासरी, व्हायोलिन हे सारे वाटेतल्या भिंतींनी गिळून टाकले होते. माझ्या उशीपर्यंत पोहोचत होता तो केवळ खर्ज.

यात चमत्कार काहीच नाही. बेस गिटारची सर्वांत खालची तार सेकंदाला सुमारे ४१ वेळा कंप पावते. तिच्या ध्वनिलहरीची लांबी आठ मीटरांहून थोडी अधिक, म्हणजे एखाद्या दुमजली घराच्या उंचीएवढी भरते. उंच स्वराला भिंत थोपवते, तशी ती अशा लहरीला थोपवू शकत नाही. म्हणून मैफल संपली तरी वाटते की खर्ज अजून हवेत आहे. श्रोतेहो, त्या रात्रीपासून मी खर्जावरून गाणे ओळखण्याचा खेळ सुरू केला. या खेळाने मला पेरुंगुडीहून थेट अमेरिकेतील डेट्रॉइट शहरापर्यंत आणि परत चेन्नईपर्यंत फिरवून आणले. तीच वाटचाल आज आपणापुढे मांडावयाची आहे.

खर्ज आपल्याला नवा नाही. तो शब्दच मुळी षड्जापासून आला. तंबोऱ्याची शेवटची तार खर्जाची. पखवाजाच्या डाव्या तोंडाला कणीक आणि दक्षिणेत मृदंगाच्या डाव्या तोंडाला रव्याचा लेप लावतात, तो आवाजाला गांभीर्य यावे म्हणूनच. कीर्तनात बुवांच्या मागे उभ्या असलेल्या पखवाज्याचा डावा हात थांबला, तर अभंगाच्या पायाखालची जमीनच सरकते. पण आपला खर्ज स्थिर आहे. तो घराच्या जोत्यासारखा असतो. त्यावर रागाची इमारत कितीही उंच चढो, जोते हलत नाही. युरोपात मात्र सतराव्या शतकापासून खालचा स्वर चालू लागला. वरच्या सुरावटीबरोबर तो आपली जागा बदलतो, कधी तिला टेकू देतो, कधी तिच्याशी वाद घालतो. त्याला स्वतःची अशी एक चाल असते.

हा चालता खर्ज दक्षिण भारताच्या दाराशी फार पूर्वी येऊन गेला होता. मद्रासच्या किल्ल्यात इंग्रजांचा बँड वाजे. तंजावरचे मराठे राजे सरफोजी दुसरे (राज्यकाल १७९८ ते १८३२) यांच्या पदरी पाश्चात्त्य धर्तीचे वादक होते. बालुस्वामी दीक्षितरांनी युरोपीय वादकाकडून व्हायोलिन शिकून घेतले आणि ते कर्नाटक संगीतात कायमचे रुजले. त्यांचे ज्येष्ठ बंधू, थोर वाग्गेयकार मुत्तुस्वामी दीक्षितर (१७७५ ते १८३५) यांनी त्या इंग्रजी चाली ऐकून त्यांवर संस्कृत रचना केल्या. त्यांना ‘नोट्टुस्वर’ म्हणतात. इंग्रजांच्या राजगीताच्या चालीवरही अशी एक रचना आहे. येथे एक मौजेची गोष्ट घडली. व्हायोलिन आले, चाल आली, शब्दही मिळाले. पण चालीखालचा खर्ज मात्र किल्ल्यातच राहिला. दीक्षितरांच्या कानाला तो ऐकू आला नसेल असे कोण म्हणेल? पण आपल्या रागाचा प्रत्येक स्वर अचल षड्जाच्या नात्याने अर्थ धारण करतो. आधारच हलू लागला तर गंधाराचा गंधार राहत नाही. मुत्तुस्वामींनी जे सोडले ते जाणूनच सोडले, असे मला वाटते. हा सोडलेला खर्ज मद्रासेत पुन्हा यावयास दीडशे वर्षे लागली आणि त्यासाठी त्याला अमेरिकेचा वळसा घ्यावा लागला.

अमेरिकेतील काळ्या समाजाच्या चर्चमध्ये गायिली जाणारी भक्तिगीते आणि त्यांच्याच वस्त्यांतील नृत्यसंगीत यांच्या संयोगातून १९५० नंतरच्या दशकात जे गाणे जन्मास आले, त्याला ‘सोल’, म्हणजे आत्म्याचे संगीत, असे नाव पडले. एकाने म्हणावे, इतरांनी झेलावे ही त्याची रीत आपल्या भजनाला परकी वाटू नये. त्याच सुमारास, १९५१ साली, कॅलिफोर्नियात लिओ फेंडर या गृहस्थाने विजेवर चालणारी बेस गिटार बाजारात आणली. स्वतः फेंडरला गिटार वाजवता येत नव्हती. पण पुरुषभर उंचीचे, बैलगाडीत घालून न्यावे असे जुने बेस वाद्य त्याने खांद्याला अडकवता येईल एवढे केले आणि त्याचा आवाज ढोलाच्या बरोबरीने ऐकू येईल अशी सोय केली.

या वाद्याला बोलते केले ते जेम्स जेमर्सनने. दक्षिण कॅरोलायनात १९३६ साली जन्मलेला हा मुलगा १९५४ साली मोटारगाड्यांच्या डेट्रॉइट शहरात आला. तेथे बेरी गॉर्डी याने घरच्या मंडळींकडून आठशे डॉलर उसने घेऊन १९५९ साली मोटाउन ही ध्वनिमुद्रण संस्था काढली. वेस्ट ग्रँड बुलव्हार्डवरील एका साध्या घरात तिचा कारभार चाले. ध्वनिमुद्रणाची खोली इतकी अरुंद व तारांनी भरलेली की वादक तिला ‘सापांचा खड्डा’ म्हणत. रात्री जाझ वाजवणारी ही वादकमंडळी दिवसा येथे बसून गाण्यामागून गाणी मुद्रित करीत. जेमर्सन उजव्या हाताच्या एका तर्जनीनेच सारे वाजवी. वाद्याच्या तारा तो बदलीत नसे.

त्याच्या खर्जाच्या चालींपैकी मला सर्वांत प्रिय आहे ती ‘माय गर्ल’ या १९६४ च्या गीताची. आरंभी दुसरे काहीच नाही. बेसचे मोजके ठोके, मध्ये विराम, पुन्हा तेच ठोके, छातीवर कान ठेवावा तसे. त्यावर रॉबर्ट व्हाइटची गिटार चढत जाते: सा रे ग प ध सा. हा तर आपला भूप! पेरुंगुडीतील माझे शेजारी त्याला मोहनम् म्हणतील. डेट्रॉइटच्या त्या मुलांना भूप ठाऊक असण्याचे कारण नव्हते. पण पाच स्वरांचे हे शिडीसारखे रूप मनुष्याला जगभर सापडत आले आहे. एवढ्या साध्या आरंभाचा जनक पुढे किती गुंतागुंतीचे वाजवू लागला हे पाहावयाचे असेल, तर फोर टॉप्स या चमूचे १९६७ चे ‘बर्नाडेट’ ऐकावे. गायक आर्जवे करीत असतो आणि खाली बेस त्याच्या प्रत्येक शब्दाला निराळे उत्तर देत असतो. मूळ स्वर, त्याचा पंचम, मधले कोमल स्वर, ठोक्याच्या किंचित आधी वा किंचित मागून येणारा आघात यांतून ही वीण होते. आणि तरी गाणे कोठे अडखळत नाही. १९७१ च्या ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ या मार्विन गेच्या गीताविषयी असे सांगतात की, जेमर्सनला रात्री एका मद्यालयातून शोधून आणले. त्याला स्टुलावर बसवेना, तेव्हा त्याने जमिनीवर उताणे पडून ती चाल वाजवली. युद्ध आणि दंगे यांनी व्यथित झालेल्या माणसाचे ते गाणे आहे. त्यातील बेस मात्र अस्वस्थ असूनही समजूत घालणाऱ्या थोरल्या भावासारखा चालतो.

दक्षिणेला मेम्फिस शहरात स्टॅक्स नावाची दुसरी संस्था एका जुन्या चित्रपटगृहात होती. तिची जमीन प्रेक्षागारासारखी उतरती होती. तेथील बेसवादक डोनाल्ड डन गोरा, ऑर्गनवादक व ढोलवादक काळे. ज्या शहरात १९६८ साली मार्टिन ल्यूथर किंग यांचा खून झाला, त्या शहरात ही माणसे एका खोलीत, एका ठेक्यावर वाजवीत होती. डनचा गुण संयमाचा. जेमर्सन जेथे दहा स्वर घेईल तेथे डन चार घेतो आणि त्या चारांवर आख्खे गाणे उभे करतो. सॅम आणि डेव्ह यांचे १९६७ चे ‘सोल मॅन’ याची साक्ष देईल. २०१२ साली टोकियोत, दोन कार्यक्रम आटोपून झोपला असता, तो निवर्तला. वादकाला याहून साजरे मरण कोणते?

पण या इतिहासाला एक सल आहे. कित्येक वर्षे मोटाउनच्या तबकड्यांवर गायकांची नावे छापली जात, वादकांची नसत. लाखो लोक जेमर्सनच्या बेसवर नाचले आणि त्यांतील कोणालाच त्याचे नाव ठाऊक नव्हते. ‘व्हॉट्स गोइंग ऑन’च्या तबकडीवर प्रथमच ही नावे ठळकपणे आली. पुढच्याच वर्षी संस्था लॉस एंजल्सला गेली. जेमर्सनही मागोमाग गेला. पण तेथे त्याचे बस्तान बसले नाही. १९८३ साली संस्थेच्या रौप्यमहोत्सवाचा मोठा सोहळा झाला, तेव्हा त्याने तिकीट काढून तो प्रेक्षकांच्या सज्जातून पाहिला, असे त्याचा इतिहास लिहिणारे सांगतात. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये, वयाच्या ४७ व्या वर्षी, तो वारला. मानसन्मान आले ते २००० साली. उलट, स्टेपल सिंगर्स यांच्या १९७२ च्या ‘आय विल टेक यू देअर’ या गाण्यात बेसची पाळी येताच गायिका मेव्हिस स्टेपल्स वादक डेव्हिड हूड याला नावाने हाक मारते. ती हाक मी पुनःपुन्हा ऐकतो.

आपल्याकडे हा खर्ज आला तो गोव्याच्या वाटेने. पोर्तुगीज अमदानीतील चर्चच्या शाळांत गोमंतकीय मुलांना लिखित स्वरलिपी शिकवली जाई. १९३५ साली लिऑन अॅबे याचा काळ्या वादकांचा जाझ वाद्यवृंद मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजला आणि गोमंतकीय वादकांना नवी दिशा दिसली. पुढे दारूबंदीने हॉटेलांची रया गेली, तेव्हा अनेक वादक चित्रपटसंगीताकडे वळले. सेबास्टियन डिसूझा, अँथनी गोन्साल्विस, चिक चॉकलेट यांची नावे आता कोठे सर्वतोमुखी होऊ लागली आहेत. राहुल देव बर्मन यांच्या चमूतील बेसवादक टोनी वाझ यांचे नाव अजूनही किती जणांना ठाऊक आहे?

मद्रासेत ही परंपरा शिखरास नेली इळैयराजा यांनी. १९४३ साली पण्णैपुरम या खेड्यात जन्मलेले, धनराज मास्तरांकडे पाश्चात्त्य संगीत शिकलेले आणि १९७६ च्या ‘अन्नक्किळि’पासून चित्रपटांना संगीत देणारे इळैयराजा प्रत्येक वाद्याचे स्वर स्वतः कागदावर उतरवून देतात. बाख त्यांच्या अभ्यासाचा विषय. साहजिकच त्यांचा खर्ज ही दुसरी स्वतंत्र चालच असते. शशिधरन यांच्यासारख्या वादकाने ती वर्षानुवर्षे वाजवली. मराठी श्रोत्यांनी यासाठी तमिळ गाणे शोधण्याचे कारण नाही. १९८३ च्या ‘सदमा’ चित्रपटात आपल्या कोल्हापूरच्या सुरेश वाडकरांनी आयुष्याला आलिंगन देण्याची विनवणी केली आहे. ते गीत एकदा केवळ बेसकडे कान देऊन ऐकावे. वर सुरावट संथ, आणि खाली खर्ज सतत हिंडतो आहे. तरी चालीचे सूत तुटत नाही. दीक्षितरांनी जी अडचण ओळखून खर्ज सोडला, तीच अडचण येथे सुटलेली आहे. आधार हलतो, पण केव्हा हलावे हे त्याला समजते. पुढे १९९२ च्या ‘रोजा’पासून ए. आर. रहमान यांचे युग आले. त्यांच्या संचात कीथ पीटर्स यांचा बेस वाजू लागला आणि ध्वनिफितींच्या वेष्टनावर वादकांची नावे छापण्याचा प्रघातही त्यांनी वाढवला.

मी सरकारी नोकर. आमच्याकडेही टिपणी एकाची असते, सही दुसऱ्याची आणि प्रसिद्धी तिसऱ्याची. ते रीतसरच आहे, त्याविषयी माझी तक्रार नाही. पण त्यामुळे असेल, बेसवादकाविषयी मला जरा अधिक आपुलकी वाटते. गेल्या लग्नसराईत एकदा न राहवून मी त्या कल्याणमंडपापर्यंत गेलो. गायक-गायिका प्रकाशझोतात होत्या. बेसवाला मागे, ढोलांच्या आडोशाला, भिंतीला टेकून उभा होता. पन्नाशीचा असावा. निवेदकाने सर्व गायकांची नावे घेतली. त्याचे घेतले नाही. कार्यक्रम आटोपल्यावर मी त्याच्याजवळ जाऊन मोडक्यातोडक्या तमिळमध्ये म्हणालो, “दोन गल्ल्यांपलीकडे मला फक्त तुमचेच वाद्य ऐकू येते.” तो क्षणभर गोंधळला. त्याला वाटले, मी गोंगाटाची तक्रार घेऊन आलो आहे. “आवाज कमी करायला सांगतो, सार,” तो म्हणाला.

मी हात हलवून नाही म्हटले आणि त्याचे नाव विचारले. तार सैल करता करता त्याने ते सांगितले. मग मला ते नीट कळले नसेल असे वाटून पुन्हा एकदा, सावकाश, सांगितले. त्याला विचारल्यावाचून ते आपणास सांगण्याचा मला अधिकार नाही. पण मी ते टिपून ठेवले आहे. आता रात्री भिंतीपलीकडून खर्ज येतो, तेव्हा मी आवाज कमी होण्याची वाट पाहत नाही. कोण वाजवतो आहे, एवढे मला ठाऊक असते.