ओलिव्हिए रोआ : प्रश्न उलटा करून पाहणारा अभ्यासक

रिसर्च प्रपोजल लिहिताना आपण सगळा जीव उत्तरात ओततो. प्रश्न मात्र हाताला लागेल तो उचलतो. मी विज्ञान शाखेची, तरीही प्रश्न कसा मांडावा हे समजून घ्यायला मला एका फ्रेंच राज्यशास्त्रज्ञाचा खूप उपयोग झाला. त्यांचं नाव ओलिव्हिए रोआ.

रोआंचा जन्म १९४९चा. शिक्षण तत्त्वज्ञानाचं, सुरुवातीची नोकरी शाळेत तत्त्वज्ञान शिकवण्याची. सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात असताना, १९८०च्या दशकात, ते पुन्हा पुन्हा तिथे गेले. म्हणजे इस्लामी राजकारण त्यांनी आधी पायी फिरून पाहिलं, मग त्यावर लिहिलं. १९९२च्या पुस्तकात त्यांनी थेट म्हटलं की राजकीय इस्लाम अपयशी ठरला आहे. धर्माच्या नावाने सत्ता मिळवता येते, पण सत्तेत गेल्यावर राजकारणाचेच नियम चालतात, असा त्यांचा मुद्दा.

सेक्युलरायझेशनबद्दलचं त्यांचं म्हणणं नीट लक्षात घ्या. इथे ते दोन गोष्टी वेगळ्या करतात. सेक्युलरायझेशन ही समाजात हळूहळू घडणारी प्रक्रिया. फ्रान्सची ‘लाईसिते’ हा राज्याने घेतलेला राजकीय निर्णय. १९०५च्या कायद्याने चर्च आणि राज्य वेगळे झाले, तो दुसऱ्या प्रकारात येतो. आता नेहमीची समजूत अशी की सेक्युलरायझेशन वाढलं की धर्म आटतो. रोआ २००८ सालच्या पुस्तकात म्हणतात, तसं नाही. धर्म संस्कृतीपासून सुटा होतो. आजीकडून भाषा, सण, जेवणासोबत आलेला धर्म मागे पडतो आणि नातू कोरा, ‘शुद्ध’ धर्म नव्याने निवडतो. मग कट्टरता ही परंपरेची शिल्लक उरत नाही, ती आधुनिकतेचीच पैदास ठरते.

२०१५मध्ये पॅरिसवर हल्ले झाले आणि हा वाद ग्रंथालयाबाहेर आला. जिल केपेल यांचा भर सलफी विचारांच्या प्रसारावर होता. रोआ म्हणाले, इथे इस्लाम कट्टर झालेला नाही, कट्टरतेने इस्लामचा वेश घेतला आहे. त्यांनी जिहादी हिंसेशी जोडलेल्या सुमारे १०० जणांची माहिती जमवली होती. त्यात साधारण ६० टक्के स्थलांतरितांच्या दुसऱ्या पिढीतले होते आणि सुमारे २५ टक्के धर्मांतरित. घरची परंपरा हेच कारण असेल, तर जे त्या परंपरेत वाढलेच नाहीत ते एवढे कसे? प्रश्न बिनतोड आहे.

पण थांबा. या यादीत फक्त हिंसेकडे गेलेलेच आहेत. तशाच घरात, तशाच वस्तीत वाढून जे गेले नाहीत, ते कुठे आहेत? प्रयोगशाळेच्या भाषेत सांगायचं तर इथे कंट्रोल ग्रुप नाही. त्यामुळे ही आकडेवारी सोपं उत्तर खोडू शकते, पण रोआंचं उत्तर सिद्ध करायला एकटी पुरत नाही. खोडणं आणि सिद्ध करणं यातला हा फरक मुलाखतीत हमखास विचारला जातो.

हा काही नुसता शब्दांचा खेळ नव्हे. केपेल बरोबर असतील तर सरकारचं लक्ष मशिदी आणि प्रवचनांवर जाणार. रोआ बरोबर असतील तर तुरुंग, मित्रांची टोळकी, भावंडं यांच्यावर. चुकीच्या प्रश्नाची किंमत भलतीच माणसं मोजतात.

म्हणून पेट-नेटची तयारी करताना एक करा. आपला संशोधन-प्रश्न लिहा, त्याखाली तोच उलटा करून लिहा. मग विचारा : या दोघांतला एक बाद करायला मला कोणती माहिती लागेल? ती कुठे मिळेल हे सापडलं, की तुमच्या प्रपोजलचं पद्धतीचं प्रकरण सुरू झालं.