मानाचं पान आणि पेन्शनचा कागद



राजगड, तोरणा, रोहिडा, रायरेश्वर. आपल्या भोर-वेल्ह्यात इतिहासाला तोटा नाही. वेल्ह्याला तर आता राजगड तालुका हेच नाव मिळालंय. पण आज मला गडांवर लिहायचं नाही. लढाईत पडलेल्याच्या घराचं पुढे काय होतं, यावर लिहायचंय. माजी सैनिक संघटना म्हटलं की आपल्याला १५ ऑगस्टचं झेंडावंदन आणि छातीवरची पदकं आठवतात. तिचं खरं काम या घरांशी आहे, आणि त्या कामाची मुळं आपल्याच मातीत आहेत.

१० नोव्हेंबर १६५९, प्रतापगड. अफजलखान पडला, फत्ते झाली. कारीचे कान्होजी जेधे आणि आपले मावळे त्या मोहिमेत होते. लढाईनंतर महाराजांनी काय केलं ते सभासद बखरीत आहे. जे पडले त्यांच्या मुलांना चालवलं. ज्यांना मुलगा नव्हता त्यांच्या बायकांना निम्मं वेतन लावून दिलं. जखमींना जखम पाहून होन दिले. विजयाच्या धामधुमीतही घराघराचा हिशेब झाला.

पुढच्याच वर्षी, जुलै १६६० मध्ये पावनखिंड झाली. बाजीप्रभू आणि हिरडस मावळातले बांदल तिथे कामी आले. दरबारात तलवारीचं पहिलं पान, म्हणजे पहिला मान, जेध्यांचा होता. महाराजांनी तो बांदलांना द्यायचं ठरवलं आणि जेध्यांनी तो राजीखुशीने सोडला, असं जेधे घराण्याची परंपरा सांगते. पडलेल्यांच्या घराला दोन गोष्टी लागतात, पोटाला आणि मानाला. आपल्या मावळाने या दोन्ही पाहिल्यात.

आता अडीचशे वर्षं पुढे या. पहिलं महायुद्ध. पुण्याच्या नावाची सहावी डिव्हिजन मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये गेली. तिच्यात १०३, ११० आणि ११७ या मराठा पलटणी होत्या. कुतच्या वेढ्यात ही माणसं उपाशी लढली, आणि २९ एप्रिल १९१६ ला शरणागती झाली. कैदेत कितीतरी गेले. पुढे बसऱ्याला स्मारक उभं राहिलं. त्यावर अधिकाऱ्यांची नावं कोरली, पण साध्या हिंदी शिपायांची पलटणवार फक्त संख्या! आपल्याकडेही कित्येक गावांत त्या युद्धाचे दगड आहेत. गावातून किती गेले, किती परत आले नाहीत, एवढाच आकडा. युद्धस्मारकं सांभाळणाऱ्या आयोगाने या भेदभावाची माफी मागितली ती २०२१ मध्ये. तोवर त्या घरांतल्या पाच पिढ्या उलटल्या होत्या.

हे सगळं सांगायचं कारण आजचं आहे.

आज नियम चांगले आहेत. सैनिकामागे पत्नीला साधारण कुटुंब निवृत्तिवेतन शेवटच्या पगाराच्या ३० टक्के, सेवेमुळे मृत्यू झाला तर ६० टक्के आणि युद्धात वीरमरण आलं तर पूर्ण पगाराइतकं. माजी सैनिकांसाठी २००३ पासून ईसीएचएसची वैद्यकीय सोय आहे. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आहे, मुलांसाठी वसतिगृहं आहेत. पण हे सगळं पुण्यात, आणि म्हातारी राहते डोंगराच्या कुशीतल्या वाडीवर. पलटणीच्या कागदावर तिचं माहेरचं नाव, आधारवर सासरचं. जन्मतारीख तिसरीकडे तिसरीच. दरवर्षी हयातीचा दाखला द्यायचा, तोही आता 'स्पर्श' या ऑनलाइन व्यवस्थेत. बोटांचे ठसे उठत नाहीत, मोबाइलला रेंज नाही. दाखला वेळेत गेला नाही की पेन्शन थांबते. माणूस जिवंत, पण कागदावर नाही.

इथे संघटना लागते. निवृत्त हवालदार किंवा सुभेदार त्या घरी जातो, कागद लावतो, रेकॉर्ड ऑफिसला पत्र लिहितो, गरज पडली तर म्हातारीला एसटीत बसवून कार्यालयापर्यंत नेतो. याचा ना फ्लेक्स लागतो, ना सत्कार होतो. पण १६५९ मध्ये निम्मं वेतन लावून देणाऱ्या राज्याचं काम आज कोणी पुढे नेत असेल, तर ही माणसं नेतात, असं माझं स्पष्ट मत आहे.

तेव्हा भोर-वेल्हेकरांनो, तीन गोष्टी करू.

एक, ७ डिसेंबरचा ध्वजदिन. १९४९ पासून हा निधी गोळा होतोय, सैनिकांच्या कुटुंबांसाठी. शाळा आणि ग्रामपंचायतींनी तो मनावर घ्यावा.

दोन, नोव्हेंबरमध्ये आपल्या वाडीतल्या प्रत्येक वीरपत्नीला आणि सैनिकाच्या विधवेला विचारायचं, "आजी, दाखला दिला का?" नसेल दिला तर गावातल्या पोरांनी मोबाइल घेऊन घरी जायचं.

तीन, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं. गावनिहाय वही करायची. कोण कुठल्या पलटणीत होतं, कोण कुठल्या लढाईत गेलं. आकडा नको, नावं हवीत. १९६२, १९६५, १९७१ पाहिलेली माणसं आज ऐंशीच्या घरात आहेत. ती गेली की विचारायला कोणी उरणार नाही, आणि बसऱ्याच्या दगडावर झालं तेच आपण आपल्या गावात करून ठेवू.

आपल्या गावाचं पहिलं नाव कमेंटमध्ये लिहा. सुरुवात इथूनच करू.

जय हिंद, जय शिवराय.