चाकांचा आवाज आणि माणसाचा कान

यंत्रांचा इतिहास लिहिणारी मंडळी बहुधा डोळ्यांनीच इतिहास लिहितात. कोणते यंत्र कोणी काढले, त्याला चाके किती होती आणि दाते किती होते, याची नोंद ते इमानाने करून ठेवतात. पण ते यंत्र चालताना कसे वाजे आणि ते ऐकून माणसे काय ओळखत, याला त्या ग्रंथांत सहसा जागा मिळत नाही. वास्तविक यंत्र बिघडल्याची पहिली वर्दी बहुधा कानालाच लागते.

आम्हां नाशिककरांना हे निराळे सांगायला नको. मोठ्या गळ्याच्या माणसाला आपण ‘नारोशंकराची घंटा’ म्हणून मोकळे होतो. नारोशंकर राजेबहादूरांनी १७४७ साली गोदाकाठी रामेश्वराचे देऊळ बांधले; तेथली ही घंटा १७३९ च्या वसईच्या विजयाची आठवण सांगते. तांब्याचे भांडे घेताना त्यावर टिचकी मारून पाहण्याची आपल्याकडची रीतही जुनीच. अखंड भांडे खणखणते, चीर गेलेले बद्द वाजते. घेणाऱ्या बाईला धातुशास्त्र येत नसते, पण तिला फसवणे अवघड असते.

गाडीवानाची विद्या हीच. चाकाचा तुंबा आखावर कुरकुरू लागला की तो गाडी थांबवी आणि गाडीखाली टांगलेल्या नळ्यातले वंगण लावी. पुढे १८६५ साली थळ घाटातून रेल्वे वर आली. लांब दांड्याची हातोडी घेऊन गाडीच्या चाकांवर ठोके मारीत जाणारा रेल्वेचा माणूस जुन्या प्रवाशांना आठवत असेल. मुलांना तो खेळ वाटे. पण धड चाक घंटेसारखे वाजे आणि तडकलेले चाक बसक्या आवाजात उत्तर देई. त्या एका ठोक्यावर डब्यातल्या माणसांचे जीव अवलंबून असत.

या विद्येला शास्त्राच्या दारापर्यंत नेणाऱ्यांत रॉबर्ट हूक या इंग्रज संशोधकाचे नाव घ्यावे लागेल. १६३५ ते १७०३ हा त्याचा काळ. म्हणजे आपल्या शिवछत्रपतींचा समकालीन. त्याच्या मृत्यूनंतर १७०५ साली प्रसिद्ध झालेल्या लेखनात एक विलक्षण कल्पना आहे. घड्याळाची टिकटिक, गिरणीची घरघर ऐकून आतल्या भागांची हालचाल कळते. तशीच माणसाच्या शरीरातल्या अवयवांची कामेही त्यांच्या आवाजावरून एक दिवस ओळखता येतील, असे त्याला वाटत होते. तो दिवस उजाडायला शतकाहून अधिक काळ गेला. १८१६ साली पॅरिसच्या लेनेक नावाच्या डॉक्टराने कागदाची सुरळी करून रोग्याच्या छातीला लावली आणि स्टेथॉस्कोपचा जन्म झाला. आजही गॅरेजमधला मिस्त्री लांब स्क्रू-ड्रायव्हरचे टोक यंत्राला टेकवून त्याची मूठ कानाशी धरतो. तो त्याचा स्टेथॉस्कोपच.

याच हूकचे दुसरे देणे आपल्या प्रत्येक मालमोटारीच्या पोटाखाली फिरत आहे. दोन दांडे एका रेषेत नसतानाही एकाची फेरी दुसऱ्याला देणारा सांधा त्याने १६७६ साली वर्णिला. आपले मिस्त्री त्याला ‘क्रॉस’ म्हणतात. पुढे गेअरबॉक्स, मागे डिफरन्शियल, आणि दोहोंना जोडणारा लांबलचक प्रोपेलर शाफ्ट. मागची चाके खाचखळग्यांतून वरखाली होतात, तरी शाफ्ट मोडत नाही, ही या क्रॉसची किमया.

पण या सांध्याला एक खोड आहे, आणि वाचकहो, तिच्याकडे जरा लक्ष द्या. पुढे तिचे काम पडणार आहे. सांध्याला बाक असला की पुढचा दांडा एकसारखा फिरत असूनही मागचा एकसारखा फिरत नाही. प्रत्येक फेरीत तो दोनदा पुढे धावतो आणि दोनदा मागे रेंगाळतो. दहा अंशांचा बाक असेल आणि पुढचा दांडा मिनिटाला २००० फेऱ्या घेत असेल, तर मागच्याचा वेग १९७० ते २०३० यांच्या दरम्यान हेलकावत राहतो. यावरचा तोडगा असा की दोन सांधे घ्यायचे आणि ते असे बसवायचे की पहिल्याची चूक दुसऱ्याने निस्तरावी. दोघांची तोंडे जुळली की हेलकावे मिटले. ती चुकली, तर गाडी धडधडलीच म्हणून समजा.

बाकीच्या भागांचा इतिहासही असाच आवाजाशी झगडण्याचा इतिहास आहे. वळताना आतले चाक कमी व बाहेरचे जास्त फिरावे म्हणून पेकूर या फ्रेंच माणसाने १८२८ साली वाफेच्या गाडीसाठी डिफरन्शियलचे पेटंट घेतले. १८९१ साली पॅरिसच्या पानार-लव्हासोर गाडीने इंजिन पुढे, मग क्लच, मग गेअरबॉक्स आणि ओढ मागच्या चाकांना, ही मांडणी रूढ केली. त्या गेअरबॉक्सात फिरते दाते एकमेकांत सरळ ढकलावे लागत. खडखडाट तर होणारच. १९२६ साली पॅकार्ड गाडीत हायपॉइड दाते आले आणि मागच्या आसाची घरघर कमी झाली. १९२८ साली कॅडिलॅकने सिंक्रोमेश आणले. गेअर टाकण्यापूर्वी दोन्ही चक्रांचा वेग जुळवण्याचे काम यंत्रच करू लागले.

तोवर हे काम चालकाचे पाय आणि कान करीत. १ जून १९४८ रोजी अहमदनगरहून (आता अहिल्यानगर) पुण्याला पहिली एस. टी. निघाली. त्या काळच्या चालकांना ‘डबल क्लच’ हा शब्द पाठ असे. क्लच दाबून गेअर काढायचा, क्लच सोडायचा, इंजिनाचा सूर पट्टीत आला की पुन्हा दाबून पुढचा गेअर टाकायचा. सूर चुकला की सगळ्या उतारूंना कळे!

मग आली जीप. १९४५ साली स्थापन झालेल्या महिंद्र कंपनीने १९४७ पासून विलिस जीप भारतात आणली. दुसऱ्या गेअरच्या पुढे सिंक्रोमेश, पहिल्याला नाही. शिवाय चारही चाकांना ओढ देणारी दातेरी चक्रे. ती कण्हल्याशिवाय चालत नसे, आणि तिच्याकडून कोणाची तशी अपेक्षाही नसे. पुढे त्याच कंपनीचा कारखाना नाशिकला सातपुरात उभा राहिला. २००० साली बोलेरो आणि २००२ साली स्कॉर्पिओ येथून बाहेर पडली. निरनिराळ्या कंपन्यांच्या लहान मालगाड्या आल्या आणि ‘पिकअप’ हा शब्द आमच्या खेड्यांत नांगर-पाभरीइतका घरचा झाला. लासलगावचा कांदा, पिंपळगाव बसवंतचा टोमॅटो, द्राक्षांच्या पेट्या, लग्नाचे वऱ्हाड आणि प्रसंगी आजारी माणूस, सगळे त्याच हौद्यातून जाते.

गाड्या शांत झाल्या, तसा एक नवा प्रश्न उभा राहिला. जुन्या जीपमध्ये दहा आवाज असत, अकरावा कोणी मनावर घेत नसे. नव्या गाडीत एकच आवाज निघतो आणि मालकाची झोप उडते. त्यात गाडी कर्जाची असली म्हणजे पाहायलाच नको.

माझा एक जुना विद्यार्थी निफाड तालुक्यात शेती करतो. त्याने नवी पिकअप घेतली. (ती कोणत्या कंपनीची हे सांगण्याचे कारण नाही; असा दोष कोणत्याही गाडीत निघू शकतो.) महिन्याभराने तो माझ्याकडे आला आणि म्हणाला, “गुरुजी, गाडी कण्हते.” तीन वेळा त्याने ती दुरुस्तीच्या ठिकाणी नेली होती. तेथल्या माणसाने भर दुपारी रिकामी गाडी एक चक्कर फिरवून आणली आणि सांगितले, “नवी आहे, बसेल हळूहळू.” नवे दाते एकमेकांशी जुळायला काही अंतर जावे लागते, हे खरेच. पण ‘बसेल’ हा शब्द वैद्याच्या ‘वातामुळे आहे’ या शब्दासारखा सोयीचा असतो. इकडे हमीची मुदत सरत होती, हप्ते मात्र सरत नव्हते.

मला यंत्रातले फारसे कळत नाही; मॅट्रिकपर्यंत शिकलेला मी मास्तर. पण प्रश्न विचारणे हा माझा धंदा आहे. गावातल्या एका वृद्ध मिस्त्रीला बरोबर घेऊन आम्ही प्रश्नांची यादी केली. ती येथे देतो, कारण ती कोणालाही उपयोगी पडेल.

गाडी उभी असताना, न्यूट्रलमध्ये आवाज येतो का? क्लच दाबल्यावर थांबत असेल, तर गेअरबॉक्सच्या पुढच्या बेअरिंगकडे पाहावे. दाबल्यावरच येत असेल, तर क्लचच्या रिलीज बेअरिंगकडे. आवाज फक्त रिव्हर्समध्ये येतो का? बहुतेक गाड्यांत रिव्हर्सचे दाते सरळ कापलेले असतात. ते गुणगुणतातच, त्याची चिंता नको. एकच वेग ठेवून गेअर बदलला, तर आवाजाची पट्टी बदलते का? बदलत नसेल, तर दोष गेअरबॉक्सच्या मागे, म्हणजे शाफ्ट, डिफरन्शियल किंवा चाक यांत शोधावा. पाय दाबला की घूं करते आणि सोडला की गप्प होते, किंवा याच्या उलट होते का? मग क्राऊन-पिनियनचा संशय घ्यावा. हलक्या वळणावर आवाज वाढतो का? तर ज्या बाजूच्या चाकावर भार पडतो, त्याचे बेअरिंग तपासावे. डांबरी रस्ता सोडून सिमेंटच्या रस्त्यावर गेल्याबरोबर आवाज बदलतो का? तर तो टायरचा. गाडी हलताना एकच ‘टक्’ होते का? तर क्रॉस सैल आहे का ते बघावे. आणि शेवटी, ओझे किती असताना?

या शेवटच्या प्रश्नापाशी पोरगा थांबला. आवाज रिकाम्या गाडीत येतच नव्हता. साठ क्रेट टोमॅटो भरले, चौथा गेअर पडला आणि काटा पंचावन्नवर गेला, की पायाखालची पत्री थरथरून आवाज सुरू होई. गेअर बदलला तरी पट्टी तीच. ओझ्याने मागचे पाटे दबतात आणि शाफ्टचा बाक बदलतो, हे मिस्त्रीने कोपर वाकवून दाखवले. मी हे सारे अर्ध्या पानावर तारीख घालून लिहून दिले: किती ओझे, कोणता वेग, कोणता गेअर, कोणता रस्ता. पोराने तो कागद दिला आणि भरलेल्या गाडीतच फेरी मारायचा आग्रह धरला. या वेळी शेजारी बसलेल्या कारागिराने पाच मिनिटांत मान डोलावली. गाडी वर घेतली, तेव्हा शाफ्टच्या दोन तुकड्यांवरच्या खुणा एकमेकींसमोर नव्हत्या; खाचांचा जोड दोन दाते सरकून बसला होता. हूकच्या दोन सांध्यांची तोंडे चुकली होती. खुणा जुळवायला दुपारही लागली नाही, आणि पैसा पडला नाही.

यात यंत्र तेच, माणसे तीच, दोषही पहिल्या दिवसापासून तोच. फरक इतकाच पडला की ‘गाडी कण्हते’ या तक्रारीला ‘केव्हा’ आणि ‘कशी’ यांची जोड मिळाली. कण्हणाऱ्या रोग्याला डॉक्टरही हेच विचारतो. आणि दिवसभर गाडीत बसणाऱ्या माणसाचा कान दहा मिनिटे बसणाऱ्याच्या कानापेक्षा अधिक जाणतो, एवढे मान्य करायला कारखानदाराला काही कमीपणा नाही.

आता विजेच्या गाड्या आल्या आहेत. इंजिनाचा घोष गेल्यामुळे तिच्या दात्यांची बारीकशी शीळही ऐकू येते; म्हणजे कानाचे काम संपले असे नाही, ते अधिक नाजूक झाले आहे. ज्यांच्या दारी या दिवाळीत नवी गाडी उभी आहे, त्यांनी झेंडूचा हार जरूर घालावा, पेढेही वाटावेत. पण पाडव्यानंतर पहिले ओझे भराल, तेव्हा गाण्याचे यंत्र बंद ठेवा, काच थोडी खाली घ्या आणि दोन कोस नुसते ऐकत जा. घरात एखादी जुनी वही असेलच. पहिल्या पानावर तारीख घाला.