वेग की स्थिरता? घरगुती राउटरचा छोटासा इतिहास

आज आपण घराच्या कोपऱ्यात लुकलुकणाऱ्या डबीचा, म्हणजे राउटरचा इतिहास पाहू. त्यातला मुख्य प्रश्न असा, की वेग किती आणि स्थिरता किती, हे ठरवायचं कोणी?

डिसेंबर २००२ मध्ये लिंकसिसचा डब्ल्यूआरटी५४जी हा राउटर आला. खोक्यावर ५४ मेगाबिटचा आकडा होता. प्रत्यक्षात हाती त्याच्या निम्माही वेग लागत नसे. २००३ मध्ये लोकांच्या लक्षात आलं, की याच्या पोटात लिनक्स आहे. लिनक्सच्या परवान्याची अट अशी, की त्यावर बांधलेलं सॉफ्टवेअर वाटलं तर त्याचा सोर्स कोडही द्यावा लागतो. त्याच वर्षी सिस्कोने लिंकसिस विकत घेतली होती. दबाव वाढला, कोड खुला झाला आणि २००४ मध्ये त्याच पायावर ओपनडब्ल्यूआरटी हे फर्मवेअर सुरू झालं.

आता राउटर मालकाच्या हाती आला. मग लोकांनी काय केलं? बऱ्याच जणांनी आधी सिग्नलची शक्ती वाढवली. पण वायफाय हा दोघांचा संवाद आहे. राउटर कितीही मोठ्याने ओरडला, तरी लॅपटॉपचा आवाज तेवढाच राहतो. शिवाय २.४ गिगाहर्ट्झमध्ये एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच: १, ६ आणि ११. तिथे वेगासाठी चॅनलची रुंदी दुप्पट केली, की शेजाऱ्यांचे सिग्नल अंगावर येतात आणि जोडणी डळमळते.

दुसरं दुखणं आणखी खोल होतं. मेमरी स्वस्त झाली, तसे उपकरणांतले बफर फुगले. रांग कितीही लांबली तरी पॅकेट टाकून दिलं जाईना. त्यामुळे पाठवणाऱ्याला 'जरा हळू' हा इशाराच मिळेना. मोठी फाइल चढवताना कॉल अडखळतो, तो यामुळे. जिम गेटीस यांनी २०१० च्या सुमारास याला 'बफरब्लोट' हे नाव दिलं. २०१२ मध्ये कॅथलीन निकोल्स आणि व्हॅन जेकबसन यांनी कोडेल ही पद्धत मांडली. डेव्ह टॅट आणि सहकाऱ्यांनी सेरोडब्ल्यूआरटी या फर्मवेअरवर असे उपाय घासूनपुसून घेतले आणि ते ओपनडब्ल्यूआरटीत पोचले.

यातला व्यवहारी धडा साधा आहे. लाइन १०० मेगाबिटची असेल, तर राउटरला ९०-९५ चीच मर्यादा घालायची. म्हणजे रांग मोडेममध्ये न लागता राउटरमध्ये लागते आणि तिथे ती आपल्या ताब्यात असते. थोडा वेग सोडायचा, त्या बदल्यात कॉल तुटत नाही.

पण हे स्वातंत्र्य कायमचं आहे, असं समजू नका. २०१६ मध्ये अमेरिकेच्या एफसीसीने मंजुरीपेक्षा जास्त शक्तीने चालू शकणाऱ्या राउटरांबद्दल टीपी-लिंककडून २ लाख डॉलर वसूल केले. त्याच समझोत्यात बाहेरच्या फर्मवेअरला वाट देण्याचे मार्ग शोधायचंही कंपनीने कबूल केलं. नियामकाची चिंता खोटी नव्हती, कारण हवा सगळ्यांची आहे. पण राउटरला कुलूप लागलं असतं, तर रांगेचा हा इलाज घरच्या राउटरवर करून पाहायचा कुणी?