पाणी, प्रशिक्षण आणि तलावाचा ठेका

महाडचा सत्याग्रह आपण पाणी पिण्याच्या हक्काचा लढा म्हणून सांगतो, आणि ते बरोबरच आहे. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब चवदार तळ्याचे पाणी प्यायले, तेव्हा माणूस म्हणून जगण्याचा हक्क त्यांनी त्या तळ्यावर उभा केला. परंतु पाणी केवळ तहान भागवीत नाही. पाण्यात उत्पन्न असते. त्यावर ऊस उभा राहतो, वीज निघते, त्यात मासळी वाढते. पिण्याचा हक्क कायद्याने मिळाल्यावर या उत्पन्नात आपला वाटा किती, हा प्रश्न मात्र आपल्या चळवळीने पुरेशा नेटाने विचारलेला नाही. मासळीच्या धंद्याचे शिक्षण सरकारने कोणाला दिले आणि ते घेतलेल्याच्या हाती पुढे काय आले, एवढा एकच धागा धरून मी तो प्रश्न येथे विचारीत आहे.

मी सोलापूर जिल्ह्यातला. ‘दुष्काळी सोलापूरचा आणि मासळीचा संबंध काय?’ असे कोणी विचारील. संबंध आहे, आणि तो दुष्काळातूनच आलेला आहे. अवर्षणाचा मुलूख असल्यामुळेच येथे तलाव बांधले गेले. सोलापूर शहराजवळचा एकरुख तलाव इंग्रजी अमदानीत १८७१ च्या सुमारास झाला. १८७६-७७ च्या भीषण दुष्काळानंतर आष्टीचा तलाव झाला. १९७२ च्या दुष्काळात गावोगाव पाझर तलाव निघाले. आणि १९८० साली माढा तालुक्यात भीमेवर उजनी धरण पुरे झाले. करमाळा, माढा, इंदापूर, दौंड, कर्जत या तालुक्यांच्या जमिनी त्याच्या पोटात गेल्या. म्हणजे ज्या जिल्ह्यात प्यायला पाणी मिळत नाही असे आपण म्हणतो, त्याच जिल्ह्यात गोड्या पाण्यातील मासळीचे एक मोठे क्षेत्र तयार झाले.

आता शिक्षणाकडे वळू. ४ ऑगस्ट १९२३ रोजी मुंबईच्या कायदे कौन्सिलात सी. के. बोले यांचा ठराव मंजूर झाला. सार्वजनिक पैशाने चालणारे पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, शाळा, दवाखाने आणि कचेऱ्या अस्पृश्यांना खुल्या कराव्यात, असा तो ठराव होता. त्यात पाणवठा आणि शाळा या दोन गोष्टी शेजारी शेजारी आहेत, हे लक्षात घेतले पाहिजे. सरकारी खजिन्यातून जे जे उभे राहते त्यावर आमचा हक्क आहे, हे तत्त्व त्यातून मान्य झाले. ते अमलात आले नाही म्हणून महाड घडले.

शाळेच्या बाजूने पहिले काम झाले ते सोलापुरातच. बहिष्कृत हितकारिणी सभेने जानेवारी १९२५ मध्ये येथे विद्यार्थी वसतिगृह सुरू केले. त्याची व्यवस्था जिवाप्पा ऐदाळे यांनी पाहिली. हेच ऐदाळे पुढे १९३७ साली स्वतंत्र मजूर पक्षातर्फे सोलापुरातून विधिमंडळात गेले. १९२८ साली मुंबई सरकारने नेमलेल्या स्टार्ट समितीवर बाबासाहेब होते. त्या समितीने १९३० च्या अहवालात शिष्यवृत्त्या आणि वसतिगृहे यांच्याबरोबर धंदेशिक्षणाचाही विचार केला.

परंतु या बाबतीत सर्वांत महत्त्वाचा दस्तऐवज म्हणजे बाबासाहेबांनी ऑक्टोबर १९४२ मध्ये व्हाइसरॉयला सादर केलेले गाऱ्हाण्यांचे निवेदन होय. नुसत्या कला आणि कायद्याच्या पदव्यांनी अस्पृश्यांचे भले होणार नाही. त्यांना विज्ञानाचे आणि तंत्राचे शिक्षण मिळाले पाहिजे आणि त्याचा खर्च सरकारने सोसला पाहिजे, अशी मागणी त्यात आहे. सरकारी छापखाने आणि रेल्वेचे कारखाने येथे आमच्या मुलांना उमेदवारीवर घ्या, असेही त्यात आहे. यातले मर्म आपण नीट समजून घेतलेले नाही. बाबासाहेबांनी केवळ वर्ग मागितला नाही. ज्या कारखान्यात ते ज्ञान वापरले जाते त्या कारखान्याचे दारही त्यांनी मागितले. १९४४ पासून शिष्यवृत्त्या सुरू झाल्या. दाराचा प्रश्न मात्र तसाच राहिला.

मासळीच्या शिक्षणात नेमके हेच झाले. या देशात या शिक्षणाची सुरुवात समुद्रकिनाऱ्यावर झाली. मद्रास इलाख्याने मलबारच्या किनाऱ्यावर १९१८ साली प्रशिक्षण संस्था काढली. स्वातंत्र्यानंतर १९६१ साली मुंबईत केंद्रीय मत्स्यशिक्षण संस्था स्थापन झाली. तेथे प्रामुख्याने खात्यांचे अधिकारी तयार होऊ लागले. १९८१ साली रत्नागिरीजवळ शिरगावला मत्स्य महाविद्यालय निघाले. किनाऱ्यावरील तरुणांसाठी नौकानयन आणि डिझेल इंजिनाची देखभाल शिकविणारे सरकारी वर्गही चालू झाले. हे सर्व आवश्यकच होते. कोळी बांधव जिवावर उदार होऊन समुद्रात जातो. त्याला यंत्राचे ज्ञान मिळाले यात आनंदच आहे. परंतु घाटावरच्या, तलावाकाठच्या माणसाच्या वाट्याला काय आले? मत्स्यबीज केंद्रावरचा थोड्या दिवसांचा वर्ग आणि एक प्रमाणपत्र.

येथे कोणी म्हणेल, मासेमारी हा ज्या त्या जातीचा पिढीजात धंदा आहे. त्यात तुम्ही कशाला शिरता? या प्रश्नाचे उत्तर विज्ञानाने १९५७ सालीच देऊन ठेवले आहे. कटला, रोहू, मृगल हे मासे साठलेल्या पाण्यात अंडी घालीत नाहीत. त्यांना वाहत्या नदीचा पूर लागतो. म्हणून पूर्वी त्यांचे बीज नद्यांतून गोळा करावे लागे. १० जुलै १९५७ रोजी ओरिसात डॉ. हिरालाल चौधरी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पीयूषिका ग्रंथीचा अर्क टोचून या माशांचे प्रजनन घडवून आणले. त्या दिवसापासून बीज केंद्रावर तयार होऊ लागले. जाळे फेकण्याचे कसब बापाकडून मुलाकडे जाते हे खरे. पण किती पाण्यात किती बीज सोडावे, चुना आणि शेण किती टाकावे, कोंडा आणि पेंड कशी द्यावी, हे कोणत्याही जातीच्या रक्तात नसते. ते शिकावे लागते, आणि जो शिकेल त्याला येते. मत्स्यपालन हा जातीचा धंदा राहिला नाही, ते शास्त्र झाले. मग त्याचा लाभ जातीच्या आणि सत्तेच्या हिशेबानेच का वाटला जावा?

माझ्या गावचा अनुभव सांगतो. १९७२ साली मी नऊ वर्षांचा होतो. गावाच्या वरच्या अंगाला पाझर तलावाचे काम निघाले. आमच्या वस्तीतली झाडून सारी माणसे त्या कामावर होती. माझी आई मातीच्या पाट्या वाहत होती. दुपारी सुकडी मिळे. ती आई फडक्यात बांधून आमच्यासाठी आणी. बांधावरची माती आमच्या लोकांनी वाहिली, पिचिंगचे दगड आमच्या लोकांनी फोडले. तलाव झाला. खालच्या विहिरींना पाणी वाढले. त्या विहिरी ज्यांच्या जमिनीत होत्या त्यांचे मळे झाले. आमच्यापैकी कोणाची जमीन त्या खाली नव्हती.

पुढे दहा-बारा वर्षांनी वस्तीतले पाच तरुण मत्स्यपालनाच्या प्रशिक्षणाला गेले. दोघे मॅट्रिक नापास, तिघे सातवीपर्यंत शिकलेले. परत आले ते उत्साहाने. मरळ आणि इतर हिंस्र मासे आधी कसे काढायचे, ऑक्सिजन भरलेल्या प्लॅस्टिकच्या पिशव्यांतून बीज कसे आणायचे, पिशवी उघडण्याआधी तलावाच्या पाण्यावर काही वेळ तरंगत का ठेवायची, हे ते रात्री समाजमंदिरात आम्हाला समजावून सांगत. त्यांनी तलाव मागितला. उत्तर मिळाले की तलाव मच्छीमारांच्या संस्थेला जातो, आणि संस्थेचे सभासद व्हायला क्रियाशील मच्छीमार असावे लागते. तुम्ही मच्छीमार कुठे आहात? सरकारच्या एका हाताने त्यांना मत्स्यपालन शिकविले आणि दुसऱ्या हाताने ते मच्छीमार नाहीत असे लिहून दिले. तलाव अखेर एका पैसेवाल्या माणसाकडे गेला. कागदावर संस्थेचे नाव होते. पाच जणांपैकी तिघे ऊसतोडीला गेले. एका घरात ते प्रमाणपत्र बाबासाहेबांच्या तसबिरीखाली अजून लावलेले आहे.

ही गोष्ट सांगताना एक धोका मला दिसतो, आणि तो स्पष्टच सांगितला पाहिजे. आपली ही मागणी भोई आणि कोळी समाजांच्या विरुद्ध नाही. तलावाचा ठेका देताना मच्छीमार सहकारी संस्थांना अग्रक्रम असावा, हे धोरण त्यांच्या रक्षणासाठीच झाले. नदीवर जगणारा भोईही पिळलेलाच माणूस आहे. उजनीने नदी अडविली तेव्हा त्याचे डोह आणि त्याची ओळखीची मासळी गेली. आज त्या जलाशयात चिलापीचे राज्य आहे. ज्याच्या नावाने संस्था आहे तो भोई पुष्कळदा त्याच संस्थेच्या तलावावर रोजाने जाळे ओढतो, आणि भांडवल घालणारा दुसराच असतो. माझ्या गावच्या तलावावर हेच मी पाहिले. तेव्हा झगडा भोई आणि बौद्ध, कोळी आणि मातंग यांच्यात लावून देण्याचा प्रयत्न कोणी करील तर तो ओळखला पाहिजे. नदी आणि मोठे जलाशय यांवर पारंपरिक मच्छीमाराचा अग्रहक्क राहावा. पण रोजगाराच्या कामावर भूमिहीनांनी स्वतःच्या श्रमाने खोदलेले गावतलाव आणि पाझर तलाव यांत त्या भूमिहीनांचा वाटा असलाच पाहिजे.

आज योजनांना तोटा नाही. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेचा आराखडा २०,०५० कोटी रुपयांचा होता. तिच्यात इतरांना खर्चाच्या ४० टक्के तर अनुसूचित जाती-जमाती आणि महिला यांना ६० टक्के अनुदान ठेवले गेले. एप्रिल २०२५ मध्ये महाराष्ट्र सरकारने मत्स्यव्यवसायाला शेतीचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला. नागपूर आणि उदगीर येथेही मत्स्यविज्ञानाची महाविद्यालये आहेत. पण साठ टक्के अनुदान मिळवायला उरलेले चाळीस टक्के लागतात आणि तळे खोदायला जमीन लागते. ज्याच्याजवळ दोन्ही नाही त्याला हे अनुदान वर्तमानपत्रातच भेटते.

म्हणून माझे म्हणणे असे की, प्रशिक्षण आणि पाणी यांची सांगड घातल्याशिवाय दोन्हीला अर्थ नाही. ज्या गटाला शिकवाल त्या गटाला तलाव द्या, आणि ज्याला तलाव द्याल त्याला आधी शिकवा. पाझर तलाव बहुधा उन्हाळ्यापर्यंत आटतात. त्यांत लहान बीज सोडले तर मासा वजनाला येईपर्यंत पाणी संपते. तेथे बोटभर लांबीची बोटुकलीच सोडावी लागते. बीजापासून बोटुकली वाढविण्याचे काम छोट्या तळ्यात होते आणि त्याला थोडीच जागा लागते. हे काम भूमिहीन स्त्रियांच्या गटांना दिले, गावठाणाजवळची थोडी सरकारी जागा दिली, तर सुरुवात होऊ शकते. प्रशिक्षण घेतलेल्या माणसाला ‘क्रियाशील मच्छीमार’ समजावे, एवढी एक दुरुस्तीही पुष्कळ दारे उघडील.

कार्यकर्त्यांनी आणि शिक्षकांनी आपल्या गावापासून काम सुरू करावे. गावचा तलाव कोणाच्या ताब्यात आहे, ठेका कोणाच्या नावावर आहे, किती रकमेला गेला आणि मुदत केव्हा संपते, एवढी माहिती २००५ च्या माहिती अधिकाराच्या कायद्याखाली एका अर्जाने मागता येते. विद्यार्थ्यांनी घरातल्या वृद्धांना विचारावे की त्या तलावावर कोण कोण कामाला होते. ही दोन कागदपत्रे, ठेक्याची नक्कल आणि माती वाहणाऱ्यांची यादी, शेजारी शेजारी ठेवावीत आणि ग्रामसभेत वाचावीत.

माझ्या आईचे नाव त्या कामाच्या मस्टरवर होते. ठेक्याच्या कागदावर आमच्या वस्तीतले एकही नाव अजून आलेले नाही.