मोनाझाइट वयनकाशा : पार्श्वभूमी व रेषा-आच्छादन दुरुस्ती

मोनाझाइट या थोरियमयुक्त फॉस्फेट खनिजाच्या एकाच कणात वेगवेगळ्या काळी वाढलेले पट्टे असतात. इलेक्ट्रॉन मायक्रोप्रोबने ठिकठिकाणचे थोरियम, युरेनियम व शिसे मोजून त्या पट्ट्यांच्या वयांचे जे चित्र काढतात, त्याला वयनकाशा म्हणतात. नागोया विद्यापीठातील सुझुकी व अदाची यांनी १९९१ मध्ये वापरलेल्या या रासायनिक वयमापनात समस्थानिके वेगळी न मोजता सर्व शिसे किरणोत्सर्गी क्षयातून आले असे धरतात, म्हणून शिशाच्या मोजणीतील चूक थेट वयात उतरते. युरेनियम नगण्य आणि थोरियम ८ टक्के असेल, तर शिशातील ०.०१ टक्क्याची चूक वय सुमारे २.८ कोटी वर्षांनी बदलते; ५० कोटी वर्षांच्या कणाला ती पेलते, पण हिमालयातील सुमारे २ कोटी वर्षांच्या ग्रॅनाइटमधील कणात ती वयाहूनही मोठी ठरते.

पार्श्वभूमी म्हणजे नमुन्यात इलेक्ट्रॉनांचा वेग रोखला गेल्याने उमटणारे अखंड क्ष-किरण, ज्यांवर मूलद्रव्याची रेषा, म्हणजे त्याच्या ठरावीक तरंगलांबीच्या क्ष-किरणांचा उंचवटा, उभी असते. ही पार्श्वभूमी शिशाच्या एम-आल्फा रेषेच्या परिसरात खाली झुकलेली वक्र असते. रेषेच्या दोन बाजूंना मोजून मधे सरळ रेघ ओढली, तर पार्श्वभूमी वाजवीपेक्षा जास्त धरली जाते, शिसे कमी भरते आणि वय लहान निघते. म्हणून अनेक जागी मोजून त्यांना घातीय वक्र जुळवणे अधिक विश्वसनीय होय.

रेषा-आच्छादन म्हणजे एका मूलद्रव्याच्या रेषेवर दुसऱ्याची रेषा चढणे. शिशाच्या एम-आल्फावर यिट्रियमच्या एल-गॅमा व थोरियमच्या एम-झीटा रेषा पडतात, तर युरेनियमच्या एम-बीटावर थोरियमची एम-गॅमा, आणि शेजारी पोटॅश फेल्डस्पार असल्यास पोटॅशियमची के-आल्फा. शिसे नसलेल्या यिट्रियम व थोरियम प्रमाणकांवर शिशाच्या जागी किती संकेत मिळतो हे मोजून तो त्या त्या मूलद्रव्याच्या प्रमाणात वजा करतात.

नकाशात ही वजावट बिंदूगणिक करावी लागते, कारण यिट्रियम पट्ट्यापट्ट्याने बदलते. सरासरी वजावटीने यिट्रियमसमृद्ध कडा खोटी जुनी दिसते आणि भूवैज्ञानिक तिला निराळी घटना समजतो. वक्र पार्श्वभूमी सरळ धरल्यास वय घटते व शिशाच्या रेषेवरील आच्छादन ते वाढवते, त्यामुळे दोन्ही चुका एकमेकींना झाकून वय योगायोगाने पटण्याजोगे निघू शकते. हाच या पद्धतीतील सर्वांत फसवा धोका आहे. व्यवहारात नकाशावरून पट्टे ओळखून प्रत्येक पट्ट्यात अधिक वेळ मोजलेल्या बिंदूंवरून वय ठरवले जाते.